अठ्ठावीस सेकंदांचा दम

मित्रांनो, किती वाजले हे मला विचारू नका. मी घड्याळ खरं, पण ते मला जन्मात कधी कळलेलं नाही. कळ दाबल्यापासून किती वेळ गेला, तेवढं मात्र मी सांगतो, तेही सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत. मी एक जुनं, चावीचं स्टॉपवॉच आहे. काचेवर चरा पडलाय, पाठीवरचा मुलामा झिजून आतलं पितळ दिसतंय, तरी माझा हिशेब आजही चोख असतो. हे मी बढाई मारायला सांगत नाही. बरं, थोडंसं बढाई मारायलाही सांगतोय. पण मुख्य कारण वेगळं आहे. माझ्या चोख आकड्यापायी एका माणसाचं मोठं नुकसान झालं, आणि ते पोटात ठेवून गंजायची माझी इच्छा नाही.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरातल्या गावी झाला. लांबलचक खिडकीपाशी बायका ओळीनं बसायच्या आणि डोळ्याला भिंग लावून आमच्या पोटात चाकं बसवायच्या. माझं शेवटचं काम योलांद नावाच्या बाईनं केलं. ती सारखी गुणगुणायची, मध्येच गप्प व्हायची, मला कानाशी धरायची आणि मान हलवून पुन्हा गुणगुणायला लागायची. इतक्या मायेनं पुढे मला कुणी कानाशी धरलं नाही.

तिथून मी खोक्यात बसून कॅनडात आलो, सॅस्काटूनच्या एका शाळेत. तिथले खेळाचे मास्तर ओरेस्ट वासिलिक. उंच माणूस, बोलणं कमी, आणि जे बोलेल ते शेवटचं. त्यांच्या हाती मी धावणारी पोरं मोजली, पोहणारी मोजली, पोत्यात पाय घालून उड्या मारणारीसुद्धा मोजली. मग बॅटरीवरची चटपटीत घड्याळं आली आणि मला फुटक्या शिट्ट्यांबरोबर खणात टाकलं. गरज सरो, वैद्य मरो! किती वर्षं पडून होतो ते विचारू नका, कळ दाबलेली नव्हती.

मास्तरांना मात्र माझी आठवण राहिली. शनिवार-रविवारी ते एका मोठ्या व्यावसायिक हॉकी संघाचे पारखी म्हणून काम करायला लागले, तेव्हा त्यांनी मुख्याध्यापकांना विचारून मला खणातून काढलं. पारखी म्हणजे काय, तर गावोगाव हिंडायचं, सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना बर्फावर खेळताना पाहायचं आणि यातला कोण पुढं या खेळावर पोट भरू शकेल ते संघाला कळवायचं. मास्तर म्हणतील तसं त्या पोराचं होणार. आणि मास्तर म्हणणार ते माझ्याकडे बघून. मला काय कमी माज चढला असेल, तुम्हीच सांगा.

काम सोपं नव्हतं हं. बाहेर उणे तीस, आत बर्फाचं मैदान. मास्तरांच्या डाव्या हातमोज्यात, तळव्याच्या उबेला मी. हॉकीत बर्फावर एका वेळी एका संघाचे सहाच जण असतात, बाकीचे बाकावर. जीव तोडून पळायचं आणि चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत दम संपायच्या आत बाकाकडे परतायचं, मग दुसरा उतरतो. याला शिफ्ट म्हणतात, आणि अख्ख्या सामन्याची सत्रं तीन. पोरगं कठड्यावरून बर्फावर उतरलं की मास्तरांचा अंगठा खाली, परतलं की पुन्हा खाली. सामना संपला की मास्तर वहीत आकडे लिहायचे आणि त्याखाली तीनच शब्दांचा शेरा. ‘हात लोण्यासारखे मऊ.’ ‘डोकं घरी ठेवलंय.’ ‘अंगात दम नाही.’ बाकीचे पारखी मान तिरकी करून तो शेरा वाचायचे आणि आपापल्या वहीत उतरवून घ्यायचे. वासिलिक मास्तरांचे तीन शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं तेव्हा म्हणत.

या लोकांची एक रीत तुम्हाला सांगून ठेवतो. खेळाडूला नेमकं कुठं दुखतंय ते इथं कुणी सांगत नाही. समोरचे नेमके तिथंच टोले हाणतील ही भीती. विचारलंत तर उत्तर दोनच: ‘कमरेच्या वर लागलंय’ नाहीतर ‘कमरेच्या खाली’. त्यापुढं विचारणं म्हणजे असभ्यपणा. मास्तर मोठे सभ्य होते, त्यापुढं कधी विचारायचे नाहीत.

वर्षं गेली. मास्तर सत्तरी ओलांडून गेले. नवे पारखी मांडीवर पाटीसारखी यंत्रं घेऊन बसायला लागले. एकदा त्यातल्या एकानं मला पाहून म्हटलं, “मास्तर, याला चावी देता की चारा?” सगळे हसले. मास्तर म्हणाले, “याला चावी पुरते. तुझ्या यंत्राला रोज वायर जोडून निजवावं लागतं.” मला बरं वाटलं, पण खरं तर संघालाही आता आमची फारशी गरज नव्हती. जुना माणूस म्हणून ठेवलं होतं, इतकंच. हा शेवटचा हिवाळा, असं मास्तरांनीच कळवून टाकलं होतं.

त्याच हिवाळ्यात संघाच्या मुख्य पारख्याचा, हॅलचा, फोन आला.

“मास्तर, पॉपलर बेंडला एक पोरगा आहे. रेमी लालिबर्ते. सतरा वर्षांचा, डावा विंगर. कॅमेरे म्हणतात, पहिल्या सत्रात वारा आहे. आणि तिसऱ्या सत्रात तोच पोरगा बर्फात पाय रुतल्यासारखा खेळतो. इथं आमच्यात दोन तट पडलेत. दुसरा कुठला संघ त्याच्याकडे बघतही नाहीये. म्हणजे आपण घेतला तर घेतला, नाहीतर त्याचं इथंच संपलं. तुम्ही जाऊन या. घ्यायचा की सोडायचा, एवढंच सांगा.”

विंगर म्हणजे कडेकडेनं सुसाट जाणारा गडी. मास्तरांनी गाडी काढली. शनिवारी दुपारचा सामना होता. पॉपलर बेंडचं मैदान म्हणजे पत्र्याची मोठी शेडच, बसायला लाकडी पायऱ्या, एका कोपऱ्यात तळलेल्या बटाट्यांवर गरम रस्सा ओतून देणारी खिडकी. मास्तर वर जाऊन बसले आणि मी तयार झालो.

मित्रांनो, मी हजारो पोरं मोजली आहेत. रेमी पहिल्यांदा बर्फावर आखलेल्या एका निळ्या रेघेपासून दुसरीपर्यंत गेला तेव्हा माझा काटा हलतो न हलतो तोच मास्तरांनी कळ दाबली. त्यांनी मला डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. पुन्हा पाहिलं. मला खोटं ठरवायला बघत होते की काय कोण जाणे. पण आकडा खरा होता. मग आम्ही शिफ्ट मोजायला लागलो. बाकीचे विंगर त्रेचाळीस, सेहेचाळीस, पंचेचाळीस. रेमी अठ्ठावीस. पुन्हा अठ्ठावीस. दुसऱ्या सत्रात सव्वीस, तेवीस. बाकावर परतला की मान खाली घालून बसायचा, शेजारी बोलला तरी उत्तर द्यायचा नाही. दुसरं सत्र संपलं तेव्हा मास्तरांनी वही उघडली आणि पेन्सिल टेकवली. ‘अंगात दम’ इतकं लिहून झालं होतं.

“पुढचा शब्द मी सांगू?” मागून कुणीतरी म्हणालं.

दोन सत्रांच्या मध्ये बर्फ गुळगुळीत करणारी मोठी गाडी फिरवतात. ती चालवणारा माणूस पायरीवर उभा होता. पंचेचाळिशीचा असेल, रुंद खांद्यांचा, डोक्यावर कानटोपी.

“ओळखलंत, मास्तर? मी कर्टिस निलसन. सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी. डावा विंगर.”

मास्तरांनी त्याला निरखून पाहिलं. नाव त्यांना आठवलं नाही. मलाही आठवलं नाही, मोजलेल्या पोरांचे आकडे माझ्या लक्षात राहतात, नावं नाही.

“तुमच्या शेऱ्याचा कागद आमच्या कोचनं मला दाखवला होता,” कर्टिस म्हणाला. आवाज चढला नव्हता. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होता. “तीन शब्द. अंगात दम नाही. सगळ्या संघांनी तेच उतरवून घेतलं. मीसुद्धा घेतलं. बारा वर्षं मला वाटायचं, आपण मुळातच कमी पडणारा माणूस आहोत. कागदावर होतं ना तसं. मग तिसाव्या वर्षी पोरीला सर्दी झाली म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीण तिचं सोडून माझ्याच छातीला नळी लावून बसली. म्हणाली, तुम्हाला लहानपणापासून दमा आहे, कुणी सांगितलं नाही?”

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, “मी तेव्हा तुझ्या कोचला विचारलं होतं. नेहमी विचारतो.”

“विचारलंत की. तो म्हणाला, कमरेच्या वर जरा त्रास आहे. आणि तुम्ही वही मिटलीत.” कर्टिस जरासा हसला. “फुप्फुसं कमरेच्या वरच असतात, मास्तर.”

मी हातमोज्यात होतो. सगळं ऐकू येत होतं. मित्रांनो, सत्त्याण्णव साली त्या दिवशी मोजलेले माझे आकडे एका पंचमांशानंही चुकले नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. आकडा बरोबर होता आणि निकाल साफ चुकला होता. असंही होऊ शकतं हे मला म्हातारपणी कळलं. अक्कल यायला एवढी वर्षं लागली.

“चला माझ्याबरोबर,” कर्टिस म्हणाला. “उशीर झाला तर बर्फ गुळगुळीत करायचा राहील.”

त्यानं मास्तरांना मैदानामागच्या गाडीच्या खोलीत नेलं. तिथं गाडीच्या आडोशाला, उलट्या बादलीवर रेमी बसला होता. हेल्मेट पायाशी, कोपरं गुडघ्यांवर, खांदे श्वासागणिक वर जाताहेत. हातात निळा पंप होता. दम्याच्या माणसांकडे असतो तसला. त्यानं तो तोंडाला लावून दोनदा दाबला आणि मग मास्तर दिसले. पटकन पंप मोज्यात लपवला.

“काय होतंय रे तुला?” मास्तरांनी विचारलं.

“काही नाही, मास्तर. थंडी.” मग दोन श्वास घेऊन, “लिहू नका. पाया पडतो.”

“एक काहीतरी लिहावंच लागेल. दम नाही असं लिहू, की दमा आहे असं लिहू?”

“दोन्ही नका लिहू.”

“मग काय लिहू?”

रेमीनं विचार केला. “कमरेच्या वर लागलंय म्हणून लिहा ना.”

कर्टिस इतका हसला की त्याला गाडीला टेकावं लागलं. पोराला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. त्याचे डोळे भरून आले होते. “तुम्हाला काय जातंय हसायला?” तो कर्टिसला म्हणाला. “दमेकरी पोरगा कोण घेतो? गेल्या वर्षी आमच्या डॉक्टरनं एकाचं कोचला सांगितलं, आठवड्यात बॅग भरायला लावली त्याला. माझी आई तिकडं चारशे किलोमीटरवर आहे. मी इथं दुसऱ्यांच्या घरी राहतो ते काय हौस म्हणून?”

“पंप कुणी दिला?” मास्तरांनी विचारलं.

रेमीनं मोजा वर ओढला. कर्टिसनं त्याच्या मोज्यातून पंप काढून उजेडात धरला. “मास्तर, याची मुदत चार वर्षांपूर्वीच संपलीय.”

या खेळातली पोरं घर सोडून दुसऱ्या गावच्या संघात येतात, आणि गावातली एखादी गृहिणी त्यांना पोटच्या पोरासारखं घरी ठेवून घेते. रेमी लॉर्ना पीटर्स नावाच्या बाईंकडे राहायचा. सामना संपल्यावर मास्तर त्याला घेऊन तडक तिथं गेले. लॉर्नाबाईंनी मांसाचा रस्सा आणि पाव वाढला आणि मास्तरांनी तो निळा पंप ताटाशेजारी ठेवला. बाईंनी तो उचलला, नाव वाचलं.

“हा तर माझ्या धाकट्याचा! तो शिकायला गेला तेव्हापासून न्हाणीघरातल्या कपाटात पडलाय.” मग रेमीकडे वळल्या. “माझ्या घरात राहतोस, माझ्या हातचं खातोस, माझ्या कपाटातला शिळा पंप ओढतोस, आणि मला पत्ता नाही? उद्या बर्फावर पडला असतास तर तुझ्या आईला कुठल्या तोंडानं फोन केला असता मी?”

“मावशी, तुम्ही कोचना सांगितलं असतंत.”

“सांगितलंच असतं! आणि सोमवारी तुझ्याबरोबर जाऊन त्याच्यासमोर उभीही राहिले असते. तो काय खातो का मला?” बाईंनी त्याच्या ताटात पावाचा तुकडा ठेवला. “आधी जेव. रस्सा गार होतोय.”

त्याच टेबलावरून मास्तरांनी हॅलला फोन लावला.

“घ्यायचा की सोडायचा?” हॅलनं विचारलं.

“तीन आठवडे दे.”

“मास्तर, एका दुपारचं काम होतं हे. तुम्ही तर तीन शब्दांत सांगता.”

“त्यातच एकदा घात केलाय मी,” मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी लॉर्नाबाई रेमीला डॉक्टरकडे घेऊन गेल्या आणि तिथून कोचकडे. कोचनं त्याला दोन सामने बाकावरही बसू दिलं नाही, घरीच ठेवलं. रेमीनं मास्तरांना फोन करून सुनावलं. “झालं तुमच्या मनासारखं? मी म्हटलं नव्हतं?” मास्तर ऐकून घेत होते. पोराचं ऐकलं असतं तर निदान तो खेळत तरी राहिला असता, असं त्यांच्या मनात आलंच असणार. माझ्या तर आलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात कोचनं त्याला उतरवलं आणि आम्ही पुन्हा पॉपलर बेंडला गेलो. रोजचं औषध चालू होतं, सामन्याआधीचा पंप त्यानं सगळ्यांदेखत घेतला. पहिली शिफ्ट बेचाळीस. मी स्वतःला बजावलं, बाबा, आज तरी नीट चाल. चव्वेचाळीस. एक्केचाळीस. मधल्या सत्रात एकदा तीसवर परतला तेव्हा मास्तर अर्धवट उठून उभे राहिले. पण पुढची पुन्हा एक्केचाळीस. तिसऱ्या सत्रात एकोणचाळीस. पुरे पंचेचाळीस एकदाही नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. पण अठ्ठावीसही नाही.

सामन्यानंतर मास्तरांनी रेमीला समोर बसवून वही उघडली. “मी खरं तेच लिहिणार. दमा आहे हेही. पण तुझ्या अंगातली गोष्ट आहे, तू हो म्हणालास तरच. नको म्हणालास तर मी काहीच पाठवणार नाही.”

रेमीनं वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. “लिहा,” तो म्हणाला. “पण आधी वेग लिहा. मग दमा.”

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा शेरा म्हणून सबंध पान लिहिलं. आधी वेग, मग दमा, मग औषधाआधीचे आकडे, औषधानंतरचे आकडे, शेवटी ‘घ्यावा’. हॅलनं फोन केला. “अहो मास्तर, दम्याचं लिहून तुम्हीच माझे हात बांधलेत. माझ्या वरचे लोक पहिली ती ओळ वाचतील.”

“वाचू देत. औषध घेणारा दमेकरी आणि लपवणारा दमेकरी यांत कुणावर भरवसा ठेवशील, एवढं त्यांना विचार.”

जूनमध्ये सगळे संघ एकेक नाव पुकारत पोरांची निवड करतात. लॉर्नाबाईंच्या बैठकीत रेमी, त्याची आई, मास्तर आणि कर्टिस टीव्हीसमोर बसले होते. पहिली फेरी गेली, दुसरी, तिसरी. रेमीची आई जपमाळ ओढत होती. पाचव्या फेरीत कर्टिस उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. सहाव्या फेरीत, त्या फेरीच्या शेवटून सहाव्या नावाला, आमच्या संघानं रेमी लालिबर्ते असं पुकारलं. नाव इतकं चुकीचं उच्चारलं की क्षणभर कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा लॉर्नामावशींनी रेमीला असं कवटाळलं की डॉक्टरनं बरं केलेला श्वास पुन्हा अडकायचा.

गलबला ओसरल्यावर मास्तरांनी कोटातून एक दुमडलेला कागद काढून कर्टिसला दिला. संघाच्या दप्तरात त्यांनी सत्त्याण्णव सालचा शेरा शोधून काढला होता, त्यावर रेघ मारून खाली नवा लिहिला होता आणि त्याची एक प्रत आणली होती. कर्टिसनं उभ्याउभ्याच वाचला. ‘कर्टिस निलसन. डावा विंगर. वय अठरा. दमा असावा, डॉक्टरला दाखवावं. मी त्याला विचारलं नाही, चूक माझी. घ्यावा.’

“आता याचा काय उपयोग, मास्तर?” कर्टिस म्हणाला.

“काही नाही,” मास्तर म्हणाले.

कर्टिसनं कागदाची घडी घातली. टेबलावर ठेवायला हात पुढं केला, पण ठेवला नाही. शर्टाच्या खिशात घातला, वरचं बटण लावलं आणि “जरा हवेत जाऊन येतो” म्हणून बाहेर गेला. रेमीला काय वाटलं कोण जाणे, तोही त्याच्या मागून गेला.

मास्तर आता कुठं जात नाहीत. मी त्यांच्या टेबलावर असतो, कधी ते चावी देतात, कधी विसरतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं मागणं दुसरंच आहे, मित्रांनो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती मोजायला काही ना काही येईल: गुण, उंची, वेग. जरूर मोजा, मी कोण नको म्हणणारा. पण आकडा कमी आला की लगेच वही मिटू नका. ज्याचा तो आकडा आहे त्याच्याजवळ जा आणि विचारा. त्या दिवशी गाडीच्या खोलीत मास्तर मला थांबवायला विसरले होते, म्हणून मला नक्की ठाऊक आहे. ‘काय होतंय रे तुला?’ हे विचारायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. कर्टिसच्या वेळी तेवढा वेळ आमच्याकडे होता.